जिलालीनं बांधलेलं घर

दुकानदार ब्राहीमनं साखरेचा सुळका जिलालीच्या हातात दिला तो नुसता धरायला म्हणून. त्याला शिडीवर चढून वरच्या फळीवरची चहाची खोकी काढायची होती, गिऱ्हाईक बाई घाईत होती, आणि पाव घ्यायला आलेला जिलाली समोर रिकामा उभा होता. "धर जरा, पाडू नकोस," एवढंच ब्राहीम म्हणाला. निळ्या जाड कागदात गुंडाळलेला, बुडाशी रुंद आणि टोकाला निमुळता असा तो साखरेचा धोंडा जिलालीनं दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि त्याच्या कानशिलांत एकदम रक्त चढलं. इतकं, की बाईनंही विचारलं, "बरं नाही का रे बाबा?" बरं आहे, तो म्हणाला. बाईच्या भाचीनं शहराच्या पार त्या टोकाला नवं घर घेतलं होतं आणि नव्या घरी रिकाम्या हातानं कोण जातं? "घर लहान असो, मोठं असो, साखर ही न्यायचीच," असं म्हणत बाईनं सुळका काढून घेतला. घेताना तिला त्याची बोटं जरा सोडवावी लागली. पाव न घेताच तो बाहेर पडला. माराकेशच्या त्या अरुंद गल्लीत उन्हं कलली होती, मोपेडी अंगावरून जात होत्या, कुणीतरी त्याला आंधळा म्हणालं, आणि तो भिंतीला लागून चालत राहिला. काय झालं एवढं, असं त्यानं स्वतःला विचारून पाहिलं. काय झालं ते त्याला चांगलं ठाऊक होतं, त्यामुळे उत्तर द्यायची गरज नव्हती.

तसल्याच एका सुळक्याचा चहा तो प्यायला होता. हे राहून राहून आठवायचं, आणि आठवताना जिभेवर नेमकं गोडच यायचं, याची त्याला जास्त चीड यायची. उन्हाळ्यात त्यांच्या कॉलेजचा चमू वारझाझात या शहरी गेला होता. शहराबाहेर, जिथून पुढे नुसती खडी आणि वाळू, अशा एका उघड्या माळावर वेगवेगळ्या कॉलेजांची मुलं घरं उभी करत होती. गरिबाला परवडेल, आणि आग ओकणाऱ्या उन्हातही फारशी वीज न खाता आत गार राहील असं घर; स्पर्धा होती ती याची. जिलालीच्या चमूनं मातीच्या जाड भिंती चोपून चोपून उभ्या केल्या, त्यांच्या पोटात खजुराच्या झावळ्यांचा काथ्या भरला, छतावर सौर पॅनेल बसवली, आणि वारा खाली ओढून आणणारा एक मनोरा बांधला, त्याच्या तोंडाशी ओलं गोणपाट टांगलं. शहरातल्या पोरांच्या तळहातांची सालटी निघाली. जिलालीकडे दाराचं काम होतं. दुहेरी फळ्यांचं, कडांना रबर लावलेलं ते दार त्यानं स्वतः आखलं, स्वतः रंधलं, स्वतः बसवलं. लावलं की मुंगीसुद्धा शिरायची नाही. "जिलचं दार म्हणजे बँकेची तिजोरी," केन्झा म्हणायची. केन्झा चमूची पुढारी, कासाब्लांकाच्या वकिलाची मुलगी. त्याचं जिल तिनंच केलं होतं. जिलाली हे नाव आजोबांचं वाटतं, असं ती पहिल्याच दिवशी हसत म्हणाली होती, आणि तेव्हापासून त्यालाही ते तसंच वाटायला लागलं होतं.

ते घर कुणासाठी बांधायचं, यावर हिवाळ्यात बरीच चर्चा झाली होती. कागदावरची माणसं नकोत, खरं कुणीतरी डोळ्यांपुढे आणा, केन्झा म्हणाली होती, आणि जिलाली बोलायला लागला होता. एक बाई आहे असं समजा, तो म्हणाला. विधवा. दिराच्या घरात एका खोलीत राहते. रोज भाकरी थापते, तेव्हा तिला परात ठेवायला गुडघ्याइतक्या उंचीचा ओटा लागतो, उभ्यानं थापायची तिला सवय नाही. गुडघे दुखतात, म्हणून पायऱ्या नकोत. डोळे उन्हाला दिपतात, म्हणून खिडकी लहान आणि उत्तरेला. तिला दारात बसून तांदूळ निवडायला आवडतं, तर दाराच्या आत एक सावलीची पट्टी हवी. तो बोलत राहिला आणि केन्झा भराभर रेषा ओढत राहिली. त्या बाईला त्यांनी लाल्ला म्हणायला सुरुवात केली, बाईसाहेब म्हणावं तसं. प्रत्येक नकाशात लाल्लाची एक छोटी आकृती असायची. ओटा लाल्लाच्या मापाचा, नळ लाल्लाच्या हाताला येईल असा. "तुला हे सगळं कसं सुचतं रे?" केन्झानं एकदा विचारलं होतं. "दिसतं आसपास," तो म्हणाला होता. तेव्हाच सांगून टाकायचं, माझी आई आहे ती. चार शब्द. केन्झा हरखून गेली असती, तिनं आईला फोन लावायला लावला असता. पण आईचा आवाज, फोनवर ओरडून बोलायची तिची सवय, हनुवटीवरचं गोंदण, हे सगळं त्या पांढऱ्याशुभ्र वर्गात येऊन बसेल अशी त्याला भीती वाटली होती. मग लाल्ला लाल्लाच राहिली.

आणि तरी फोन त्यानंच केला. छप्पर चढलं त्या संध्याकाळी, अंगावर चिखलाचे शिंतोडे, पोरं नाचत होती, त्याला वाटलं कुणाला तरी सांगावं. "आई, घर बांधलं," तो म्हणाला. पलीकडे आई रडायला लागली. त्यांच्या द्रा खोऱ्यातल्या त्या गावात मातीच्या जुन्या भिंतींमधून मधेच जी सिमेंटची घरं वर आली होती, ती सगळी आयांच्या नावांनी ओळखली जात. फादमाचं घर, रकियाचं घर. बांधणारा मुलगा फ्रान्सात असो की तांजाच्या बंदरात हमाली करत असो, गवंड्याला तो एकच सांगायचा, आईला विचारून बांध. बायको, पोरं, गाडी, सगळं त्यानंतर. मुलगा म्हणतो घर बांधलं, म्हणजे कुणाचं बांधलं हे विचारायची पद्धतच नव्हती. जिलालीला हे माहीत नव्हतं असं नाही. फोनवरच्या त्या रडण्यातच त्याच्या लक्षात आलं होतं, आता सांगायला हवं: अगं, कॉलेजचं आहे, स्पर्धेचं आहे, संपल्यावर ते नगरपालिका कुणा गरजूला देणार आहे. पण आई म्हणाली, "मला माहीत होतं. लोक म्हणायचे, काय शिकतोय काय न् काय. मला माहीत होतं रे." आणि ते ऐकायला इतकं गोड लागलं की त्यानं ते आणखी थोडा वेळ ऐकून घेतलं. उद्या सांगू, तो स्वतःला म्हणाला. उद्या भिंतींचा गिलावा होता, परवा वायरिंग. रोज काहीतरी होतं.

ती खरंच येईल असं त्याला वाटलं नव्हतं, असं तो नंतर स्वतःला सांगत आला. यातलं अर्धंच खरं होतं. मोजमापाचे दिवस होते. प्रत्येक खोलीत तपमान टिपणारी यंत्रं टांगलेली, आत गारवा टिकला तर गुण, नाही तर शून्य. त्या दुपारी परीक्षक आत होते आणि केन्झानं जिलालीला दारापाशी उभं केलं होतं: काही झालं तरी उघडायचं नाही, एकदा दार उघडलं की तासाभराचा गारवा बाहेर जातो. तो आतून मुठीवर हात ठेवून उभा होता. बाहेर पांढरं ऊन, आत मातीचा ओलसर वास. केन्झा परीक्षकांना लाल्लाची गोष्ट सांगत होती. इथे ती भाकरी थापेल, इथे बसून तांदूळ निवडेल, हा ओटा मुद्दाम एवढ्याच उंचीचा. फेझहून आलेले एक म्हातारे प्राध्यापक ओट्यावर हात फिरवून म्हणाले, "ज्यानं हे आखलं त्यानं आपल्या आईकडे नीट बघितलंय." आणि तेवढ्यात दार वाजलं. वाजलं म्हणजे तळहातानं थापलं गेलं, गावात थापतात तसं. दाराला फट नव्हती, पण वरच्या झरोक्यातून आवाज स्वच्छ आत आला. "जिलाली! बाळा, आम्ही आलो. दूध आणलंय."

त्याला सगळं न बघता दिसलं. आई, यामना मावशी आणि शेजारच्या दोघी, भाड्याच्या टॅक्सीत एकमेकींच्या मांडीवर बसून आलेल्या, कपाळाला धूळ. आईच्या हातात दुधाचं मातीचं भांडं, फडक्यानं बांधलेलं. नव्या घराच्या चारी कोपऱ्यांत दूध शिंपडल्याशिवाय त्यांच्यात कुणी चूल पेटवत नाही. मावशीच्या काखेत पाय बांधलेला कोंबडा असणार. शुभप्रसंगी बायका घालतात ती आनंदाची लांब किलकारी ओठांपाशी तयार असणार, दार उघडायची खोटी. "दारावर कुणीतरी आहे," म्हातारे प्राध्यापक म्हणाले. "उघडा की. आपल्याकडे दार वाजलं की उघडतात." केन्झानं जिलालीकडे पाहिलं. "कोण आहे, जिल?" आणि जिलाली म्हणाला, "आसपासच्या बायका असतील. पाणी मागत असतील." "पण तुझं नाव घेतायत." "या भागात दर तिसऱ्या घरात एक जिलाली असतो," तो म्हणाला. यावर सगळे हसले. म्हातारे प्राध्यापकही हसले. विनोद चांगला जमला होता, हेसुद्धा त्या क्षणी त्याला जाणवलं होतं, आणि ते हसू ओसरेपर्यंत त्याला बरं वाटलं होतं. बाहेरून यामना मावशी म्हणाली, "अगं, वाजव जोरात, ऐकू येत नसेल." आई म्हणाली, "ऐकू येतं. मला त्याचा आवाज आला आत्ता." परीक्षक आतल्या खोलीकडे वळले. त्याच्या मुठीतलं पितळ घामानं निसरडं झालं होतं. सावली आतच होती, सगळीच्या सगळी सावली त्यांनी आत बांधली होती. बाहेर खडीवर टेकायलाही जागा नव्हती. "यामना, तू डोक्यावरून घे, ऊन लागेल," आई म्हणाली, आणि नंतर अगदी हळू, झरोका नसता तर ऐकूही आलं नसतं इतकं हळू, "असू दे. कामात असेल."

मोजमाप संपवून परीक्षक मागच्या दारानं गेले तेव्हा त्यानं पुढचं दार उघडलं. कुणी नव्हतं. उंबऱ्यावर दूध सांडलेलं होतं. सांडलेलं नव्हतं, शिंपडलेलं होतं, बाहेरच्या बाजूनं जेवढं शिंपडता येतं तेवढं; भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांत ओले डाग होते आणि ते डोळ्यांदेखत वाळत होते. भिंतीशी निळ्या कागदातला साखरेचा सुळका उभा करून ठेवलेला होता. तो टॅक्सीतळाकडे धावला नाही. धावायला हवं होतं. त्याच्या पायांनी एक पाऊल घेतलंसुद्धा होतं. पण चमूतला यूनुस बाहेर आला आणि ओरडला, "ए, बघा! गावच्या लोकांनी आपल्याला साखर आणून दिली! प्रेम बघा लोकांचं!" केन्झानं त्या सुळक्याचा फोटो काढला. संध्याकाळी हातोडीनं तो फोडला, आणि स्पर्धा संपेपर्यंत चमू त्याच साखरेचा चहा पीत राहिला. जिलालीनं एकदाही पेला नाकारला नाही. नाकारला असता तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं. त्यांचा दुसरा नंबर आला. गारव्याचे गुण पैकीच्या पैकी मिळाले.

त्या रात्री आईनं फोनवर म्हटलं होतं, "आम्ही येऊन गेलो. तू कामात होतास. काम ते काम. घर छान आहे बाहेरून." छान आहे बाहेरून. यात टोमणा आहे का, हे तो महिनाभर उलटंसुलटं करून बघत आला होता. आईला टोमणे मारता यायचे, चांगले झोंबणारे. पण हा आवाज टोमण्याचा नव्हता, आणि नव्हता हेच जास्त लागायचं. माराकेशच्या त्याच्या गच्चीवरच्या खोलीत पडल्या पडल्या तो स्वतःशी वकिली करायचा. मला तिची लाज वाटली नाही, मला माझ्या खोट्याची लाज वाटली. ती आत येऊन चारी कोपऱ्यांत दूध शिंपडणार आणि मला सगळ्यांदेखत म्हणावं लागणार की हे आपलं नाही, तिला त्या अपमानातून वाचवलं मी. हे पटायचं, जवळजवळ. मग तो विनोद आठवायचा. दर तिसऱ्या घरात एक जिलाली असतो. वाचवणारा माणूस विनोद करत नाही. केन्झानं तर दार उघडलं असतं, हेच सगळ्यात वाईट होतं. 'माझी आई आहे' एवढं तो म्हणाला असता तर तिनं गुण, यंत्रं, सगळं खड्ड्यात जाऊ दिलं असतं. ते दार केन्झानं बंद ठेवलं नव्हतं. आणि आता ब्राहीमच्या दुकानात एका परक्या बाईनं त्याची बोटं सोडवली होती, तर या वयात भर रस्त्यात रडू फुटेल की काय अशी वेळ आली होती. त्यानं खोलीवर जाऊन पिशवी भरली. सांगून टाकायचं, जे होईल ते होईल. सकाळची बस धरून तो निघाला. घाटाच्या वळणांवर तो सांगायची वाक्यं मनात जुळवत राहिला.

शुक्रवार होता. गावात पोचला तेव्हा नमाज आटोपून माणसं घरोघर वाफवलेल्या रव्याचा कुसकुस खायला निघाली होती. खजुराची काढणी चालू होती, सगळ्या वाटेवर चिकट गोड वास आणि माश्या. लहसन काकांच्या घरात, म्हणजे वडील गेल्यापासून आई ज्या घरात राहत होती तिथे, आईच्या खोलीच्या दारात एक अनोळखी मुलगी मेंदीच्या हातांनी केस विंचरत बसली होती. "तुम्ही जिलालीभाऊ ना?" ती लाजून म्हणाली. चुलतभावाची नवी नवरी. "चुलतसासूबाई पलीकडे असतात आता. कोठीत." कोठी म्हणजे खजुराच्या पेट्यांची अंधारी खोली. तिथे पेट्यांच्या दोन चळतींमध्ये आईची चटई घातलेली होती, उशाशी तिची कपड्यांची गाठोडी, अजून बांधलेलीच. जिलाली तिथेच उभा राहिला. घर झालं म्हणून तिनं सामान बांधलं होतं. सामान बांधलं म्हणून खोली मोकळी झाली होती. मोकळी खोली लग्नघरात कोण तशीच ठेवील? यात काकांचीही चूक काढता येत नव्हती. त्यानं फार वेळ प्रयत्न केला.

"आला का माझा राजा!" आईनं मागून येऊन त्याचं डोकं खाली ओढलं आणि कपाळाचा मुका घेतला. हाताला कांद्याचा वास होता. "वाळलास. त्या माराकेशात काय दगड खातोस?" तो म्हणाला, "आई, मला तुझ्याशी बोलायचंय." "जेवल्यावर. लोक बसलेत." "आई, ही खोली..." "गार असते," आई म्हणाली. "पेट्यांमुळे गार असते. चल."

आत मोठ्या थाळीभोवती सगळे बसले होते: लहसन काका, यामना मावशी, त्या दिवशीच्या दोघी शेजारणी आणि आणखी कोण कोण. जिलालीला बघून काकांनी जागा केली. "ये, साहेब, ये. तुझ्या आईचं गाऱ्हाणं तुझ्यापुढेच घालायचं होतं मला. चालून आलेलं घर लाथाडलं या बाईनं! अख्खं गाव हसतंय. म्हणे आवडलं नाही." जिलालीला काही कळेना. त्यानं आईकडे पाहिलं. आई गाजराचा तुकडा हातानं मोडत होती. "नाही आवडलं तर नाही आवडलं," ती म्हणाली. "जबरदस्ती आहे का?"

"अहो पण घर कसं होतं ते तर विचारा!" यामना मावशी सरसावून बसली. "आत पाऊल टाकलं आणि माझे दात वाजायला लागले. अहो, त्या उन्हात! मी याच्या आईला म्हटलं, हनिया, शाल दे गं बाई."

"आणि तो जिना," एक शेजारीण म्हणाली. "संगमरवरी. पाय ठेवायला जीव होईना."

जिना नाही तिथे, असं जिलालीच्या अगदी ओठांवर आलं.

"जिना राहू दे," दुसरी म्हणाली. "भिंतीला हात लावला की पाणी येतं!"

"ते तुला स्वप्न पडलं असेल गं," काकांनी चिडवलं.

"स्वप्न कसलं? यानं स्वतः दाखवलं हात लावून. विचारा त्याला. मोठी मोठी माणसं बसली होती कोटवाली. हनिया आत गेली आणि सगळी उठून उभी राहिली. म्हणाली, तुमच्या पोटी हा मुलगा आला, बसा. खुर्ची दिली, मऊ. चहा यानं स्वतःच्या हातानं ओतला."

"आता पुरे की," आई म्हणाली.

"का पुरे? आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलंय." यामना मावशीनं हे जिलालीच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं. त्या नजरेत राग नव्हता. दम होता, लहान मुलाला पाहुण्यांसमोर दाबतात तसला. तेव्हा त्याला समजलं. परतीच्या टॅक्सीत, तोंडं उन्हानं भाजलेली, चौघी एकमेकींच्या मांडीवर दाटीवाटीनं बसून आल्या होत्या, आणि गाव येईपर्यंत त्यांनी ते घर आतून बांधून काढलं होतं. जिना, गारवा, पाणी, खुर्ची. त्याला चहा ओतायला लावला होता. कुणा एकीलाही त्याचं नाव खराब करायचं नव्हतं. त्यानं हातातला कुसकुसचा घास परत थाळीत ठेवला.

"मग एवढं सगळं होतं, तर नडलं काय?" काकांनी विचारलं.

"पाहुण्यांची खोलीच नाही," आई म्हणाली. "मी म्हटलं, बाळा, चार माणसं घरी आली तर त्यांना मी चुलीवर बसवू का? असलं घर मला नको, दे कुणा गरीब विधवेला." सगळे हसले. हे तेवढं खरं होतं. पाहुण्यांची खोली नव्हती. खर्चात बसत नाही म्हणून केन्झानं ती काढून टाकली होती, आणि जिलाली तिच्याशी आठवडाभर भांडला होता. बाहेर उन्हात उभ्या उभ्या आईनं घराच्या अंगावरून एक नजर फिरवली असेल, आणि आत किती माणसं मावतील ते तिला कळलं असेल.

"नाक बघा केवढं," काका म्हणाले. "गरीब विधवेला दे म्हणे! अगं, मग तू कोण आहेस?" पुन्हा हशा पिकला. आईही हसली. आता ती मरेपर्यंत त्या पेट्यांमध्ये झोपणार होती आणि वर लोक म्हणणार होते, हौस हिची. "तू शिकलेला आहेस, जिलाली. तूच सांग. खरंच नाकारलं हिनं?"

आईनं मान वर केली नाही. यामना मावशीनं केली. जिलालीला आपला आवाज लांबून आल्यासारखा ऐकू आला. "नाही, काका. आई आत आलीच नाही. मी दार उघडलं नाही. ती बाहेर उन्हात हाक मारत होती, आणि मी आतून मूठ धरून उभा होतो. लोकांनी विचारलं कोण आहे, तर म्हटलं, पाणी मागणाऱ्या बायका आहेत. घर आपलं नव्हतंच. कधीच नव्हतं."

थाळीवरचे हात थांबले. आता, त्याला वाटलं. आता कुणीतरी थुंकावं, काकांनी उठून थोबाडीत मारावी. महिन्यात पहिल्यांदा त्याला छातीत हवा शिरल्यासारखी वाटली. काका त्याच्याकडे बघत राहिले, आणि बघता बघता त्या म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यांनी जिलालीच्या गुडघ्यावर जोरानं थाप मारली. "ऐकलंत? ऐकलंत का रे? आईला कुणी हसू नये म्हणून पोरगा स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतोय!" ते नाक ओढत म्हणाले. "अरे वेड्या, खोटं बोलायचं तर पटेल असं तरी बोलावं. आईला कुणी दाराबाहेर ठेवतं का?"

"काका, खरं सांगतोय मी. आई, सांग ना. सांग त्यांना."

आईनं थाळीच्या मधोमध ठेवलेला मांसाचा मोठा तुकडा हातानं सोडवला, त्याचं हाड काढलं, आणि तो त्याच्यासमोर सारला. "जेव," ती म्हणाली. "निवतंय."

"मी हसलो हिला, माझं चुकलं," काका म्हणाले. "असला मुलगा असताना घर काय करायचंय बाईला?" त्यांनी दोन्ही तळवे वर उचलले. त्यांच्याबरोबर सगळ्यांनीच उचलले, आईनंही, कुसकुसचे कण बोटांना चिकटलेले तसेच. "अल्ला, या पोराला सुखात ठेव. प्रत्येक आईच्या पोटी असाच मुलगा दे."

"आमीन," काका म्हणाले. "आमीन," यामना मावशी आणि शेजारणी म्हणाल्या. "आमीन," आई म्हणाली, डोळे मिटून, मनापासून. आणि समोर कुणी तळवे उचलले की लहानपणापासून जे न विचारता तोंडून निघतं, ते जिलालीच्याही तोंडून निघालं.